बत्तीस घरांची मंडळी

३ मे १७२८ ची संध्याकाळ. जर्मनीतल्या सॅक्सनीमधल्या हेर्नहूट या नव्या वस्तीत उपासना आटोपली आणि काउंट झिंझेनडॉर्फ यांनी जमलेल्या मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी म्हणून एक ओळ दिली. सकाळ झाल्यावर ती ओळ वस्तीभर फिरली. घरं होती बत्तीस. प्रत्येक दारात थांबायचं, वचन सांगायचं, घरातल्यांची विचारपूस करायची आणि पुढच्या दाराकडे वळायचं, असा रोजचा क्रम ठरून गेला. कोण तापाने पडलं आहे, कोणाला कसली अडचण आहे, कोणाचं मन थाऱ्यावर नाही, हे त्या फेरीतच कळायचं.

मला या फेरीचं फार अप्रूप वाटतं. सकाळचं मनन म्हणजे आपण दार लावून एकट्याने करायची गोष्ट समजतो. या लोकांना दिवसाचं पहिलं वचन शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि सांगणाऱ्यालाही ते आजाऱ्याच्या खाटेपाशी उभं राहून सांगायचं होतं. १७३१ पासून ही वचनं वर्षभरासाठी एकत्र छापली जाऊ लागली. ते छोटं पुस्तक आजही दरवर्षी निघतं, पन्नासहून अधिक भाषांत. जुन्या करारातलं दिवसाचं वचन अजूनही हेर्नहूटमध्येच चिठ्ठी काढून ठरतं.

ही माणसं कोण होती? आजच्या चेक देशातल्या मोराव्हियातून धर्मछळामुळे पळून आलेले निर्वासित. चेक धर्मसुधारक यान हुस यांना १४१५ मध्ये जिवंत जाळलं गेलं. त्यांच्या शिकवणीतून १४५७ मध्ये उभा राहिलेला बंधुसंघ पुढच्या युद्धांत आणि छळात जवळजवळ पुसला गेला होता. उरले होते ते घराघरांत लपूनछपून जपलेले ग्रंथ आणि गीतं. १७२२ मध्ये ख्रिस्तिआन डाविड नावाच्या सुतारामागोमाग काही कुटुंबं रातोरात घरदार सोडून सरहद्द ओलांडून आली आणि झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर त्यांनी आसरा घेतला. आसरा मिळाला तशी भांडणंही सुरू झाली. कोणाची उपासनापद्धत खरी, कोणाचा पाळक खरा, यावरून वस्ती मोडायच्या बेताला आली. १३ ऑगस्ट १७२७ रोजी शेजारच्या बेर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी त्यांची मनं पुन्हा जुळली. महिना संपायच्या आत चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांनी दिवसरात्रीचे चोवीस तास आपापसांत वाटून घेतले. कोणत्याही घटकेला वस्तीत कोणीतरी प्रार्थनेत असायचंच. ही साखळी शंभराहून अधिक वर्षं टिकली.

या क्रमाकडे माझं लक्ष पुन्हापुन्हा जातं. आधी भांडण मिटलं, मग प्रार्थना सुरू झाली, मग दारोदार वचन गेलं, आणि त्यानंतर समुद्रापलीकडे जायची गोष्ट निघाली. तीही कोणा समितीच्या ठरावातून निघाली नाही. १७३१ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी झिंझेनडॉर्फ कोपनहेगनला गेले होते. तिथे एका सरदाराच्या चाकरीत असलेला अँटोन उलरिक नावाचा कृष्णवर्णी माणूस त्यांना भेटला. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस या डॅनिश बेटावर तो गुलामीत वाढला होता. बहीण ॲना आणि भाऊ अब्राहम अजून तिथेच उसाच्या मळ्यावर होते, आणि देवाविषयी जाणून घेण्याची त्यांना ओढ आहे असं त्याने सांगितलं. त्याच उन्हाळ्यात तो हेर्नहूटला आला आणि मंडळीपुढे उभा राहून बोलला. म्हणजे या कामाचा पहिला उच्चार झाला तो बहिणीच्या काळजीने बोलणाऱ्या एका भावाच्या तोंडून. मिशनकार्याच्या इतिहासात त्याचं नाव ओझरतं येतं. माझ्या मते ते सर्वांत आधी यायला हवं.

अँटोनची हकीकत पहिल्यांदा ऐकली त्या रात्री लिओनार्ड डोबर हा कुंभार आणि टोबियास लॉयपोल्ड हा त्याचा मित्र, दोघांनाही झोप लागली नाही. दोघांनी जायची तयारी दाखवली. मंडळीने घाई केली नाही. वर्षभर थांबवलं, पारखलं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा डोबरला जायला कौल मिळाला, लॉयपोल्डला मिळाला नाही. डोबरबरोबर डाविड निट्शमान हा सुतार निघाला. २१ ऑगस्ट १७३२ रोजी पहाटेच ते दोघे बाहेर पडले, आणि कोपनहेगनपर्यंत पायी गेले. हेर्नहूटची वस्ती तेव्हा जेमतेम पाच-सहाशेची असेल, आणि तिला स्वतःची घरं बांधून दहा वर्षं झाली होती. एवढ्याशा मंडळीने पुढच्याच वर्षी ग्रीनलंडलाही माणसं धाडली. १७६० मध्ये झिंझेनडॉर्फ वारले तोवर या छोट्या संघातून दोनशेहून अधिक मिशनरी जगभर गेले होते. आपल्याकडेही ते आले: १७६० मध्ये तरंगमबाडीला आणि काही वर्षांनी निकोबारला, जिथे तापाने त्यांची माणसं एकामागून एक गेली आणि १७८७ मध्ये काम बंद करावं लागलं.

डोबर आणि निट्शमान यांनी गुलामांपर्यंत पोचण्यासाठी स्वतःला गुलाम म्हणून विकलं, अशी एक गोष्ट उपदेशांतून बरेचदा ऐकू येते. तसं घडलं नाही. डोबरने गरज पडली तर त्याचीही तयारी असल्याचं म्हटलं होतं, आणि त्याने ते मनापासून म्हटलं होतं यात शंका नाही. पण गोऱ्या माणसाला तिथे गुलाम होताच येत नव्हतं. ही गोष्ट आपण सांगू नये असं मला वाटतं. तिने डोळ्यांत पाणी येतं, आणि मळ्यावर खरोखर विकल्या गेलेल्यांची हकीकत बाजूला राहते.

डिसेंबरमध्ये ते बेटावर उतरले आणि अँटोनचं पत्र घेऊन ॲना आणि अब्राहमला भेटले. पोटापाण्याचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. निट्शमानला सुतारकाम मिळालं. डोबरला मात्र तिथल्या मातीतून भांडी घडवता येईनात. काही महिन्यांत निट्शमान ठरल्याप्रमाणे परतला आणि डोबर एकटा राहिला. गव्हर्नर फिलिप गार्डलिन यांच्या घरी त्याला कारभाऱ्याची नोकरी मिळाली. राहायला चांगली खोली, जेवायला साहेबांचं टेबल. त्याला ते सहन होईना. गुलामांच्या झोपड्यांपर्यंत जाण्यासाठी आलेला माणूस रोज रेशमी कपड्यांतल्या लोकांत बसत होता. त्याने ती नोकरी सोडली आणि एका मळ्यावर राखणदाराचं काम धरलं.

याच गार्डलिनने सप्टेंबर १७३३ मध्ये गुलामांसाठी एक हुकूमनामा काढला. पळून जाणाऱ्याला तापलेल्या लोखंडाचे डाग, पाय तोडणं, फाशी, अशा शिक्षा त्यात कलमवार लिहिल्या होत्या. दोन महिन्यांनी शेजारच्या सेंट जॉन बेटावर गुलामांनी उठाव केला आणि अनेक महिने ते बेट बहुतांशी आपल्या ताब्यात ठेवलं. तो मोडून काढायला मार्टिनिकहून फ्रेंच शिपाई आणावे लागले. डोबरने सुवार्ता सांगितली ती या दिवसांत, या लोकांमध्ये.

आणि हेर्नहूट? गेलेल्यांना निरोप देऊन मागे राहिलेली मंडळी आपापल्या कामाला लागली, असं झालं नाही. मला तर त्या इतिहासातला सर्वांत श्रीमंत भाग हाच वाटतो. मिशनरी रोजनिशी आणि पत्रं लिहीत. त्यांच्या नकला हाताने उतरवल्या जात आणि एका मंडळीतून दुसरीकडे फिरत. महिन्यातून एक दिवस सगळी वस्ती जमे आणि ती पत्रं मोठ्याने वाचली जात. कोणाचा बाप्तिस्मा झाला, कोण तापाने गेलं, कोणत्या मळेवाल्याने उपासना उधळून लावली, हे हेर्नहूटच्या विणकराला आणि सुताराच्या बायकोला ठाऊक असे, आणि आपल्या तासाच्या प्रार्थनेत ते ती नावं घेत. मिशनरींची मुलं शिकायला परत येत, तेव्हा त्यांना मंडळीच वाढवी. त्या मुलांना आईबाप पुन्हा दिसतील याची खात्री नसे. या ताटातुटीचं मोल कोणत्याही अहवालात मोजलेलं नाही. बाहेर गेलेल्यांना पगार नव्हता. हातातल्या कसबावर जगायचं, असा शिरस्ता होता. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये पारामारिबोला १७६८ साली त्यांनी काढलेल्या शिंप्याच्या दुकानातून पुढे मोठी व्यापारी पेढी झाली आणि ती आजही चालू आहे.

मरणंही पुष्कळ झाली. ज्या लॉयपोल्डला कौल मिळाला नव्हता, तो १७३३ मध्ये सेंट क्रॉइ बेटासाठी निघालेल्या अठरा जणांचा म्होरक्या होऊन गेला आणि तिथेच वारला. बरोबरचे बरेच जण थोड्याच काळात तापाने गेले. बातमी हेर्नहूटला पोचली, आणि तरी पुढची माणसं निघाली. हुटबेर्ग टेकडीवरच्या त्यांच्या दफनभूमीत काउंटच्या घराण्याचे दगड सोडले तर बाकी सगळे दगड आडवे, सपाट, एकसारखे आहेत. दिल्लीत जुलै २०२४ मध्ये भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत हेर्नहूटला वारशाच्या यादीत स्थान मिळालं, तेव्हा मला त्या दगडांची आठवण झाली.

चिकाटीचं आणखी एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. हिमाचलातल्या लाहौलमध्ये केलाँगला १८५६ साली याच संघाचे मिशनरी विल्हेल्म हायडे आणि एदुआर्द पागेल येऊन राहिले. त्यांना जायचं होतं मंगोलियाला; वाट बंद झाली म्हणून ते तिथे थांबले. हायडे आणि त्यांची पत्नी मारिया यांनी चाळीस वर्षांच्या आसपास काळ त्या बर्फात काढला. ख्रिस्ती झालेल्यांची संख्या अगदी थोडी राहिली. मारियाबाईंनी तिथल्या बायकांना विणकाम शिकवलं. मनालीला फिरायला जाणारी आपली माणसं हौसेने लाहौली मोजे घेऊन येतात. त्या मोज्यांची वीण त्या घरापर्यंत जाते. १८८५ मध्ये लेहला काम सुरू झालं, आणि तिथली मंडळी, तिथली शाळा आजही आहे. आकड्यांत हे काम अपयशीच दिसेल, पण त्याच्यापुढे मी मनापासून हात जोडतो.

मात्र कॅरिबियन बेटांवरची हकीकत इथवर सांगून थांबणं मला जमत नाही. जानेवारी १७३९ मध्ये झिंझेनडॉर्फ स्वतः सेंट थॉमसला आले. तोवर तिथे शेकडो गुलाम उपासनेला येत होते. मळेवाले चिडले होते. वाचायला शिकणाऱ्यांना मारहाण होत होती, पुस्तकं जाळली जात होती. मिशनरी तुरुंगात होते. काउंटनी आपलं वजन वापरून त्यांना सोडवलं. बेट सोडताना त्यांनी जमलेल्या गुलामांपुढे भाषण केलं. धनी आणि गुलाम ही देवानेच केलेली व्यवस्था आहे, ख्रिस्ती झालात म्हणून मळ्यावरच्या कामातून सुटका नाही, निष्ठेने चाकरी करा, असा त्याचा आशय होता. त्याआधीच मिशनने बेटावर स्वतःचा मळा घेतला होता, आणि मळ्याबरोबर माणसंही विकत घेतली होती.

हे वाचताना काळीज जड होतं. ही माणसं कठोर नव्हती, अजाण तर नव्हतीच. त्या गुलामांची नावं त्यांना पाठ होती. त्यांचा हात ते हातात घेत, त्यांना भाऊ आणि बहीण म्हणत, त्यांच्यातून स्त्रियांना आणि पुरुषांना मंडळीचे वडील नेमत. त्या काळी गोऱ्या माणसांत हे फार थोडे जण करत होते. तरीही मळ्याचं कुंपण आलं की त्यांचं प्रेम थांबायचं. काळच तसा होता असं म्हणून मला हे सोडून देता येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये त्यांच्याच जर्मन भाषेच्या काही साध्या माणसांनी १६८८ मध्येच गुलामगिरीचा लेखी निषेध केला होता. आणि काळाचंच म्हणायचं तर सेंट जॉनवर उठलेले गुलामही त्याच काळातले होते.

झिंझेनडॉर्फ परत निघाले तेव्हा त्यांच्याजवळ मंडळीतल्या गुलामांनी राजाला आणि राणीला लिहिलेले अर्ज होते. त्यांतला एक मॅग्डालेना या वयस्क स्त्रीचा. पश्चिम आफ्रिकेच्या पोपो किनाऱ्यावरून तिला इथे आणलं होतं. मायदेशी तिचं नाव डामा होतं. तिने आपल्या मायबोलीत डेन्मार्कची राणी सोफिया मॅग्डालेना हिला लिहिलं, अडीचशेहून अधिक स्त्रियांच्या वतीने. आपल्या देशात होते तेव्हा मी आमच्या देवाची सेवा करत होते. आता गोऱ्यांच्या देशात आले आहे, तर इथले लोक मला प्रभूची सेवा करू देत नाहीत. राणीसाहेबांनी आम्हाला ती मोकळीक द्यावी, असं तिचं मागणं. काउंटच्या सामानात तिचं पत्र होतं, आणि तिला बेड्यांतच राहायला सांगणारं भाषण बेटावर मागे राहिलं होतं. दोन्ही एकाच माणसाच्या हातून झालं, आणि त्याला त्यात विसंगती वाटली नसावी.

मी मराठी ख्रिस्ती आहे, म्हणून ही गोष्ट मला दूरची वाटत नाही. अमेरिकेतल्या मंडळ्यांनी १८३१ मध्ये नगरला आणि पुढे सातारा-सोलापुरात माणसं धाडली. तिकडच्या प्रार्थनासभांत आमच्या पणजोबा-पणजींची नावं पत्रांतून वाचली गेली असतील. समुद्रापलीकडे कोणीतरी अनोळखी बाई दर आठवड्याला आपल्या घराण्यातल्या माणसासाठी देवाजवळ बोलत होती, या विचाराने मला आजही भरून येतं. आणि त्याच वेळी वाटतं, की त्या नावाबरोबर तिला गावकुसाबाहेरचं घर दिसत होतं का? पाणवठा दिसत होता का? पत्र लिहिणाऱ्याने तेवढं लिहिलं होतं का?

आता आमच्याही मंडळ्या पाठवणाऱ्या झाल्या आहेत. मिशन रविवारी वेगळं दान गोळा होतं, दूरच्या राज्यांतल्या आणि परदेशांतल्या कामासाठी नावं वाचली जातात, आपण डोळे मिटतो. माझं एवढंच मागणं आहे, की त्या नावांबरोबर तिथली मजुरी किती आहे हेही वाचलं जावं. जमीन कोणाची, कर्ज कोणाचं, मुलगी शाळेत का जात नाही, मारहाण कोण करतं, हेही. हेर्नहूटच्या सकाळच्या फेरीत वचनाबरोबर विचारपूस होती. बत्तीस घरांच्या दारात जी विचारपूस झाली, तीच उसाच्या मळ्यावरच्या झोपडीच्या दारात शेवटपर्यंत झाली असती, तर मळा विकत घेताना कोणाचा तरी हात अडखळला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

त्याच काळात सेंट थॉमस बेटावर एक तरुण स्त्री होती, रिबेका. अँटिग्वात जन्मली, लहानपणीच पळवून आणून सेंट थॉमसच्या मळेवाल्याला विकली गेली, पुढे तिला मोकळं केलं गेलं. दिवसभराचं काम संपवून गुलाम झोपड्यांकडे परतत तेव्हा डोंगरवाटेने मळ्यामळ्यावर जाऊन ती स्त्रियांना वाचायला आणि प्रार्थना करायला शिकवायची. तिथल्या मंडळीची वाढ जितकी डोबरच्या आणि त्याच्या मागून आलेल्यांच्या हातून झाली, तितकीच तिच्या पायांनी झाली. मॅथेऊस फ्रॉइंडलिख या मिशनरीशी तिने लग्न केलं. सरकारला ते मान्य नव्हतं. झिंझेनडॉर्फ बेटावर उतरले त्या दिवशी तीही तुरुंगात होती आणि पुन्हा गुलाम म्हणून विकली जाण्याचं सावट तिच्यावर होतं. पुढे ती युरोपला गेली, नवरा वाटेतच गेला. मग तिचं लग्न ख्रिस्तिआन प्रोटेन याच्याशी झालं, ज्याची आई गोल्ड कोस्टची आफ्रिकी आणि बाप डॅनिश शिपाई. या दोघांनी आफ्रिकेत जाऊन ख्रिस्तिआन्सबोर्ग किल्ल्यातल्या मुलांना शिकवायचं काम घेतलं. ज्या किल्ल्यातून माणसं जहाजात भरून सेंट थॉमसला पाठवली जात, तोच हा किल्ला. उलट्या दिशेने समुद्र ओलांडून ती तिथे शिक्षिका म्हणून राहिली आणि १७८० मध्ये तिथेच वारली. डॅनिश जहाजांवरच्या गुलामव्यापाराची बंदी अमलात यायला तेव्हा अजून २३ वर्षं होती, आणि बेटांवरच्या तिच्या विद्यार्थिनींची नातवंडं-पतवंडं मोकळी व्हायला ६८.